कॅलिफोर्निया झेफिरनं मिनूच्या बाळंतपणाला

विमान शिकागोला उतरलं तेव्हा आईनं उजवा कान घट्ट दाबून धरला होता. आठवडा झाला तरी ठणका थांबेना, तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पडद्याला इजा झाली आहे, महिनाभर विमानात बसायचं नाही.

आम्ही मायलेकी आमच्या गावाहून, सौंसरहून निघालो होतो माझ्या धाकट्या बहिणीच्या, मिनूच्या बाळंतपणासाठी. ती राहते कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला. म्हणजे अर्ध्याहून जास्त अमेरिका अजून ओलांडायची होती. मिनूचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा तिच्याजवळ आमच्यापैकी कुणीच नव्हतं. या वेळी आईनं तिला शब्द दिला होता.

"या देशात रेल नाई काय?" आईनं विचारलं.

रेल होती. आम्ही ज्याच्याकडे उतरलो होतो त्या मामेभावानं शोधून दिली. नाव कॅलिफोर्निया झेफिर, म्हणजे पश्चिमेचा वारा. शिकागोहून दुपारी निघते आणि दोन रात्री गाडीत काढून तिसऱ्या दिवशी सॅक्रामेंटोला पोचवते.

तुम्हाला जायचं असेल तर सांगून ठेवते. झोपायच्या डब्याचं भाडं ऐकून आम्ही तो नाद सोडला. साध्या डब्यातली सीट मागे छान कलते, पाय लांब होतात, पण एसी फार. चादर आणि उशी सोबत ठेवा. जेवण गाडीत मिळतं, महाग आणि अळणी. आम्ही पराठे आणि तिळाची चटणी नेली होती, ती दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरली. गाडीला उशीर होतो हे धरूनच चाला.

पहिल्या संध्याकाळी मिसिसिपी ओलांडली. पलीकडे नजर जाईल तिथवर मका. आई खिडकीला नाक लावून बसली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलेली बाई ती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काहो बाई, एवढं निंदते कोन?"

सकाळी डेन्व्हर आलं. तिथून गाडी डोंगरात चढते, म्हणून आम्ही मोठमोठ्या काचांच्या डब्यात जाऊन बसलो. शेजारी एक ऐंशीला टेकलेली बाई येऊन बसली. पांढरे केस, नीट इस्त्रीचा निळा शर्ट. तिचं नाव लोइस. डेन्व्हरला चढली होती, भावाकडे रिनोला चालली होती. आईनं तिला पराठा दिला. तिनं तो कागदी रुमालावर घेऊन अर्धा खाल्ला, पाणी प्यायली, उरलेलाही संपवला आणि म्हणाली, "मी या गाडीवर नोकरीला होते."

मग ती सांगत गेली आणि मी आईसाठी मराठी करत गेले. १९४९ साली सुरू झाली तेव्हा ही गाडी चकचकीत, न गंजणाऱ्या पोलादाची होती. तीन कंपन्या मिळून चालवायच्या. काही डब्यांवर काचेचे घुमट होते, त्यात बसलं की डोक्यावरून डोंगराचे कडे सरकताना दिसायचे. वेगाच्या शर्यतीत ती कधी नव्हतीच. डोंगर उजेडात दिसावेत असं वेळापत्रक मुद्दाम आखलेलं. आणि प्रत्येक गाडीवर एक मुलगी असायची, तिला झेफिरेट म्हणत; लोइस त्यांतलीच एक. जेवणाच्या वेळा लिहून घ्यायच्या, माइकवरून माहिती सांगायची, तान्ह्यांच्या बाटल्या गरम करून द्यायच्या.

"पुढे लोक विमानानं आणि मोटारींनी जायला लागले," लोइस म्हणाली. "गाडी तोट्यात गेली. सत्तर साली बंद झाली. मी जेमतेम वर्षभरच होते."

"मंग हे कोनती गाडी?" आईनं विचारलं.

ही नंतर सरकारी कंपनीनं सुरू केलेली, लोइसनं सांगितलं. नाव तेच, डबे वेगळे, पुढचा थोडा रस्ताही वेगळा.

आईनं मान हलवली. "सांग तिले. आमच्या सौंसरलेबी छोटी लाइन होती. रामाकोन्याच्या पुढं घाटात इतकी हळू चाले का मानूस उतरून, पानी पिऊन पुन्हा चढे. थे गेली. आता बडी लाइन आली. टेसनाचं नाव तेच, पन गाडी थे नाई."

मी सांगितलं तशी लोइस मोठ्यानं हसली.

चारच्या सुमारास ग्रँड जंक्शनला गाडी थांबली. इथे खाली उतरायला वेळ मिळतो. मी आईसाठी सफरचंदं घेत होते, तोच फोन वाजला. मिनूचा नवरा होता. पाणी गेलंय, दवाखान्यात नेलंय. तारखेला अजून तीन आठवडे होते.

आईला सांगितलं. ती तशीच वळली. गाडीत चढली, काचांच्या डब्यातल्या आमच्या जागेवर आली आणि पर्समधला मिनूचा फोटो काढून बघत बसली.

पुढे लाल कड्यांची घळ लागते, खालून नदी. फोनची रेंज गेली. आणि तिथेच गाडी थांबली. कंडक्टरनं येऊन सांगितलं, पुढे रुळावर दरड आली आहे, माणसं येऊन काढतील, किती वेळ लागेल सांगता येत नाही. लोक फोटो काढत होते. मी फोन वर धरून पुन्हा पुन्हा रेंज शोधत होते.

"मी म्हनलं होतं येतो," आई म्हणाली. "लेकरू वाट पाहून राहिलं असन. अन् मी इथं दगडं पाहून राहिली."

लोइसनं मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती उठली, आईच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि आईचा हात दोन्ही हातांत घेतला. पुढचे तीनेक तास तिनं तो सोडला नाही. आई हळू आवाजात त्रिशरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणू लागली. लोइसला शब्द कळत नव्हते, पण ती डोळे मिटून ऐकत होती. आई थांबली की लोइस म्हणायची, "आणखी." तेवढं आईला न सांगता कळायचं.

अंधारता अंधारता गाडी हलली. ग्रीन रिव्हर आलं आणि फोन पुन्हा पुन्हा वाजू लागला. मिनूच्या नवऱ्याचे सहा मेसेज. शेवटचा आधी वाचला: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

"आई, मुलगी!"

"मिनू?"

"मिनू चांगली आहे गं!"

तेव्हा कुठे आई रडली. लोइसनं तिला जवळ घेतलं, मग उठून डब्याच्या खालच्या मजल्यावरच्या कॅफेवाल्याकडे गेली. त्याच्याशी काय बोलली कोण जाणे. नियमात बसतं की नाही तेही माहीत नाही, पण थोड्या वेळानं माइकवरून तिचाच आवाज आला, एकदम ताठ आणि स्वच्छ, वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा वाटावा असा: "प्रवासी मंडळी, या गाडीतल्या एक प्रवासी भारतातून आल्या आहेत. त्या आत्ताच आजी झाल्या आहेत."

अख्खा डबा टाळ्या वाजवत होता. आईनं उभं राहून सगळ्यांना हात जोडले, "जय भीम, जय भीम" म्हणत.

सकाळी रिनोला लोइस उतरली. सॅक्रामेंटोला आम्ही संध्याकाळी पोचलो, तशाच दवाखान्यात गेलो. आईला पाहताच मिनू म्हणाली, "उशीर केला तू." आई म्हणाली, "हो माय," आणि बाळ उचललं.

चार महिन्यांनी सौंसरला परतलो. भेटायला रीघ लागली. शेजारच्या कांताबाईंनी विचारलं, "मंग, काय पाह्यलं अमेरिकेत?"

मला वाटलं, आता डोंगर, बोगदे, मक्याची शेतं येणार. आईनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सर्व पाह्यलं. पन माहा हात धरून कोनी इतका वेळ बसलं वं, असं पहिल्यांदाच झालं."

मी चहाचा कप घेऊन आत निघाले होते. गेले नाही. आईशेजारी चटईवर बसले, आणि कांताबाई गेल्यावरही बसून राहिले.