फळ्यांवरून माहूर

लातूर जिल्ह्यात सर्वांत वेगवान गाडी सर्वांत हळू कोणी चालवली असेल, तर ती माझ्या साडूच्या थोरल्या भावाने. या नात्याला आपल्या भाषेत शब्द नाही, म्हणून सगळ्या लातूरसारखा मीही त्यांना अप्पा म्हणतो आणि ते मला पाव्हणे म्हणतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, धंदा लाकडाच्या वखारीचा, अंगावर बारा महिने पांढरा शर्ट आणि त्या शर्टावर बारा महिने लाकडाचा भुसा. या गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका बिल्डरकडून इटलीत बनलेली, दोन दारांची, दोनच माणसांची, पिवळीजर्द स्पोर्ट्स कार जुनी विकत घेतली. का घेतली, असे मी विचारले होते. मला वाटले, तरुणपणचे स्वप्न, भिंतीवरचे चित्र, असे काहीतरी ऐकावे लागेल. अप्पा म्हणाले, "आवडली." मी पुष्कळ आत्मचरित्रे वाचली आहेत. इतके प्रामाणिक वाक्य त्यांत क्वचितच सापडले.

लोकांना वाटते, अशा गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल. चौकात गाडी थांबली की काचेवर टकटक होते आणि कोणीतरी वाकून विचारतो, "मालक, ॲव्हरेज काय देती?" अप्पा काच खाली करून शांतपणे सांगतात, "देत न्हाई. घेती." तिला जे भारी पेट्रोल लागते ते लातुरात कधी असते, कधी नसते. नसले की अप्पा नांदेडला येतात, टाकी भरतात, माझ्याकडे चहा पितात आणि लातूरला पोहोचेपर्यंत टाकीचा काटा पुन्हा तोंड वाकडे करून बसलेला असतो. विम्याचा वर्षाचा हप्ता ऐकून माझा साडू म्हणाला होता, "एवढ्यात एक जुना ट्रॅक्टर आला असता की रे, दादा." अप्पा म्हणाले, "ट्रॅक्टर हाय की." मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद. त्यांतल्या एका टायरच्या पैशात वखारीच्या पिकअपची सगळी चाके येतात, स्टेपनीसकट. सर्व्हिसिंगला गाडी स्वतःच्या चाकांवर जात नाही. ती ट्रकवर बसून हैदराबादला जाते, आणि मालक मागून एसटीने जातात.

पण हे झाले कुठल्याही श्रीमंताच्या वाट्याला येणारे खर्च. लातूरचे खर्च वेगळे. बोअरच्या पाण्याने धुतली की तिच्या अंगावर पांढरे डाग उठतात, म्हणून तिला पिण्याच्या पाण्याच्या जारने आंघोळ घालावी लागते. ज्या गावात नळाला पाणी आले की लोक लग्नघरातून उठून घरी पळतात, त्या गावात ही आंघोळ अप्पा कंपाउंडच्या आत, दार लावून, चोरासारखी उरकतात. वखारीतल्या उंदरांनी एकदा तिची वायर कुरतडली. ती वायर परदेशातून येईपर्यंत दोन महिने गेले, आणि ती आल्यावर अप्पांनी एक मांजर पाळली. तेव्हापासून गाडीच्या खर्चात अर्धा लिटर दूध रोज धरावे लागते. वहिनी हे सगळे बघून मला एकदा म्हणाल्या, "भावजी, मी लग्न होऊन आले तवा माझी बी एवढी चौकशी कुणी केली न्हवती. काय पिती, काय सोसतं, कशानं डाग पडतेत." अप्पा शेजारीच होते. ते म्हणाले, "तुझ्यासोबत माहितीपुस्तक आलं न्हवतं."

लग्नसराईत गाडीला मागणी येते आणि अप्पांना नाही म्हणता येत नाही. एकदा अहमदपूरच्या एका नवरदेवासाठी त्यांनी ती वरातीला दिली. फेटा घातलेला नवरदेव आत मावेना. शेवटी फेटा मांडीवर घेऊन, बोडक्या डोक्याने, जवळजवळ आडवा पडून त्याने वरात काढली. बाहेरच्यांना तो दिसेना. मुलीकडचे लोक, नवरदेव आला का नाही, हे विचारायला दोनदा येऊन गेले. अर्ध्या तासाने गाडी तापली. ताशी तीनशेच्या पुढे धावायला बनवलेल्या यंत्राला वाजवत चाललेल्या बेंजोवाल्यांच्या मागे चालणे सोसले नाही.

मात्र अप्पांचा खरा शत्रू ब्रेकर. सरकारी भाषेत गतिरोधक. गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटांवर आणि मराठवाड्यातला ब्रेकर वीतभर उंच. आपल्याकडे ब्रेकर इंजिनिअर बांधत नाहीत, गाव बांधते. कोणाची शेळी गेली, एक ब्रेकर. कोणी निवडून आला, त्याच्या दारापुढे एक ब्रेकर. अप्पांना लातूर ते नांदेड या वाटेवरचे सगळे ब्रेकर नावानिशी पाठ आहेत: शाळेचा, सरपंचाचा, सरपंचाच्या भावाचा, म्हशीचा. पहिल्याच आठवड्यात सरपंचाच्या ब्रेकरने गाडीचे पोट खरवडले, तेव्हा अप्पांनी वखारीत बसून सागाच्या चार लांब फळ्या काढल्या, एका बाजूला उतरत्या तासलेल्या. तेव्हापासून गाडी बाहेर निघाली की पुढे पिकअप निघते. पिकअपमध्ये फळ्या, एक हमाल आणि वखारीत तीस वर्षे आरा चालवणारे युसूफभाई. ब्रेकर आला की पिकअप थांबते, दोघे उतरून फळ्या मांडतात, युसूफभाई रस्त्यावर पालथे पडून गाडीखाली बघत हात हलवतात, "हल्लू, मालक, हल्लू... बस, आन दो." गाडी फळ्यांवरून पलीकडे जाते, फळ्या उचलतात, वरात पुढे. मागे एसटी, उसाचे ट्रॅक्टर, सायकली, सगळे थांबलेले. तर अशा गाडीचा सर्वांत मोठा खर्च कोणता, हे मी आता कोणालाही सांगू शकतो: तिच्यापुढे चालणारी दुसरी गाडी.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट अप्पांच्या जिवाला लागून राहिली होती. भोकरला त्यांची थोरली बहीण असते, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावांना कोण बघणार म्हणून आक्काने आपले लग्न तीन वर्षे मागे ढकलले होते. घरची रीत अशी की नवे वाहन आधी माहूरला देवीपुढे न्यायचे आणि त्यानंतरच आक्काने त्यात बसायचे. अप्पांची पहिली लूना माहूरला जाऊन आली, ट्रक आला, पिकअप आली, ट्रॅक्टर आला. प्रत्येकावर आक्का बसली, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरसुद्धा. ही पिवळी गाडी तेवढी राहिली. लातूरहून माहूर म्हणजे दोन जिल्ह्यांतले सगळे ब्रेकर आणि वर घाट. अप्पांनी एकदा फोनवर विचारून बघितले, ट्रकवर ठेवून नेली तर चालेल का. आक्का म्हणाली, "देवीला पार्सल दावतोस का? चाकावर ने, न्हाईतर नेऊ नको. मी काय तुझ्या गाडीवाचून अडले न्हाई."

गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी आक्काचे गुडघे बघून सांगितले की आणखी काही महिन्यांनी तिला खाली बसता-उठता येणार नाही. ऑपरेशनला आक्का तयार नव्हती. त्या गाडीची बैठक पाटापेक्षा फार उंच नाही. अप्पांनी हिशेब केला, आणि पहिल्यांदाच तो पैशाचा नव्हता. ते मला फोनवर म्हणाले, "पाव्हणे, आता न्हाई गेलो तर ती बसायची न्हाई. तुम्ही नांदेडात तयार राहा. एकट्याला धीर होईना."

लातूरहून नांदेडला यायला त्यांना अख्खा दिवस लागला. रात्री माझ्याकडे मुक्काम झाला. सकाळी मी त्या गाडीत शिरलो. बसलो असे म्हणवत नाही. भोकरला आक्का ओट्यावर उभी होती. गाडी दारापुढे थांबताच तिने तोंड फिरवले. "यीताना थांब," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आत्ता बघत बी न्हाई मी." आम्ही पुढे निघालो. एका गावात ब्रेकर इतका उंच होता की फळ्याही पुरेनात. गावकरी जमले. युसूफभाईंनी त्यांना विचारले, कोणी बांधला. एक म्हातारा अभिमानाने म्हणाला, "मी." मग त्याला सगळे सांगितले: देवी, आक्का, गुडघे. त्याने गाडीकडे बघितले, घरात गेला, आणि दाराला टेकवून ठेवलेली बैलगाडीची जुनी साटी, तिच्या तळाची फळ्यांची चौकट, दोघांना उचलायला लावून घेऊन आला. "यीताना बी सांगा," तो म्हणाला. "ब्रेकर मातर फोडायचा न्हाई."

किनवट मागे पडले आणि जंगल सुरू झाले, तशी पुढे गेलेली पिकअप परत येऊन थांबली. युसूफभाई उतरून अप्पांच्या काचेशी आले. "मालक, आगे पाच किलोमीटर कुछ नहीं. ना गाँव, ना ब्रेकर. मैं देख के आया." आणि त्यांनी पिकअप बाजूला घेतली. अप्पांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पुढे काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. थाटामाटाविषयी मी आजवर जे जे तिरकस बोललो होतो ते पहिल्या दोन किलोमीटरांत मागे राहिले. साग मागे सरकत नव्हते, त्यांची एकच हिरवी भिंत झाली होती, आणि पाठीमागचे ते इंजिन, तीन वर्षे वरातीत आणि ब्रेकरवर कण्हलेले, मोकळ्या गळ्याने गात होते. अप्पांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा गंभीर होता. ते पाच किलोमीटर संपले तसा त्यांनी वेग कमी केला आणि म्हणाले, "झालं. वसूल."

माहूरला पायथ्याच्या पायऱ्यांपाशी पूजा झाली. पुजाऱ्याने चाकाखाली ठेवलेली लिंबे त्या रुंद टायरांपुढे बोरांसारखी दिसत होती. मग त्याने कुंकवाचा हात उचलला आणि मी अप्पांकडे बघितले. या गाडीच्या रंगाला बोट लावले म्हणून अप्पांनी माझ्या साडूशी महिनाभर बोलणे टाकले होते. पुजारीही बिचकला. "लावू का, मालक?" अप्पा म्हणाले, "पाची बोटं लावा. चांगली दाबून."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भोकरला परतलो. निम्मे भोकर दारात होते. आक्काला गाडीत कसे बसवायचे यावर अप्पांनी वाटेत चार युक्त्या काढल्या होत्या: स्टूल, उशा, खुर्ची, युसूफभाई. आक्काने आधी बॉनेटवरचे कुंकू बघितले, त्याला हात लावून तो कपाळाला लावला, पदर खोचला आणि दाराला धरून सावकाश खाली गेली. मग दोन्ही पाय आत घेतले. आमच्यासारखी पोटे आवळणारी माणसे तीन वर्षे ज्या गाडीत धडपडत शिरत होती, तिच्यात ती पंगतीला बसावी तशी बसली. "त्यात काय," ती म्हणाली. "जल्मभर खालीच बसले मी. तुम्हाला खुर्च्या लागल्या." अप्पांनी विचारले, कुठे जायचे. आक्काने फार विचार केला नाही. "जाऊबाईच्या दारावरून घे. आन् हळू घे. तिला नीट दिसू दी."

त्या गल्लीतून गाडी गेली तेव्हा युसूफभाई आणि हमाल फळ्या घेऊन पुढे पळत होते, पोरे मागे पळत होती, आणि जाऊबाई भांडे हातात धरून दारात उभ्या होत्या. आक्का समोर बघत होती, उजवीकडे-डावीकडे नाही, एखाद्या संस्थानाच्या राणीसारखी. जाऊबाईंच्या दारापुढे तिने फक्त एवढे म्हटले, असे अप्पांनी मला नंतर सांगितले: "हारन वाजव. येकदाच."

उतरताना मात्र तिला उठता येईना. अप्पा रस्त्यावर गुडघे टेकून बसले, तिचे हात गळ्यात घेतले आणि तिला उभे केले. सगळे भोकर बघत होते.

त्यानंतर डॉक्टर खरे ठरले. आक्का आता ओट्यावर खुर्चीतच असते. वहिनींना वाटले, आता गाडी विकतील, काम झाले. अप्पा महिन्या-दोन महिन्यांनी पिकअप पुढे घालून, सगळे ब्रेकर ओलांडत भोकरला येतात. वाटेत मला उचलतात. त्या फेऱ्यांचा खर्च किती येतो, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गाडी ओट्यापुढे उभी करतात, उतरत नाहीत, इंजिन चालू ठेवतात आणि काच खाली करून विचारतात, "आक्का, ऐकू येतंय का?"

आक्का डोळे मिटून थोडा वेळ ऐकते. मग म्हणते, "येतंय रे. बंद कर आता, उगं पेट्रोल जाळून राहिलास."

अप्पा "हाव, करतो" म्हणतात, आणि आणखी थोडा वेळ चालू ठेवतात.