ब्रिगिताबाईंची नऊ घरं

आमच्या क्रोपा गावात अकरा मार्चच्या संध्याकाळी मुलं पुठ्ठ्याची घरं ओढ्यात सोडतात. घराला खिडक्या कापायच्या, त्यांवर रंगीत कागद चिकटवायचा, आत मेणबत्ती लावायची आणि घर फळीवर ठेवून प्रवाहात ढकलायचं. पूर्वी गावात खिळे घडवत. संत ग्रेगोरच्या दिवसापासून दिव्याविना काम करण्याइतका उजेड राहायचा, म्हणून आदल्या संध्याकाळी दिवा पाण्याला देऊन टाकत. भट्ट्या कधीच विझल्या, घरं मात्र अजून तरंगतात.

ब्रिगिताबाई गावात आल्या त्या २००६ च्या शरदात. आयुष्यभर बुटांच्या कारखान्यात कातडं कापून निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच, बोलायला कमी. माझ्या समोरचं, ओढ्यालगतचं घर त्यांनी घेतलं. मी रोज वही लिहिते, पानाच्या एकाच बाजूला. नन्सच्या शाळेत लागलेली सवय, ती लग्नानं मोडली नाही आणि वैधव्यानंही नाही. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं: "नवी बाई लोकांच्या कागदाच्या कचऱ्यात हात घालते."

खोटं नव्हतं ते. रस्त्यावरच्या डब्यातून त्या खोकी उचलत, उजेडात धरत, आत डोकावत. औषधांची खोकीही सोडत नसत. औषधाच्या खोक्यावर माणसाचं नाव असतं, कोण काय गिळतं ते कळतं. बेकरीवाल्याची बायको तर चिठ्ठी फाडल्याशिवाय खोकं टाकेनाशी झाली. मी तारखा नोंदवत गेले.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी स्वतः केलेली तीन घरं पाण्यात सोडली, आणि खोकी कुठे जातात ते गावाला कळलं. तशी घरं आमच्याकडे कुणी केली नव्हती. अंड्यांच्या ट्रेचे तुकडे कापून केलेली कौलं, दह्याच्या झाकणांची धुराडी, दुधाच्या खोक्याचा तळ मेणानं बंद केलेला. हळूहळू पोरं त्यांच्याकडे जाऊ लागली. हिवाळ्यातल्या दर बुधवारी, शाळा सुटली की, त्यांच्या स्वयंपाकघरात. चमच्याच्या दांडीनं आधी रेघ दाबायची आणि मगच पुठ्ठा दुमडायचा, हे त्यांनी गावातल्या कितीतरी पोरांना शिकवलं. कातड्याची सुरी मात्र कुणाला हात लावू देत नसत. पोरांना त्या सफरचंदाच्या फोडी देत आणि स्वतः भिंतीशी उभ्या राहून पाहत. एवढाच त्यांचा गोतावळा.

मी पोरांना अडवलं नाही. माझी नजरही हटवली नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत सुतारानं मला भिंतीत फळी करून दिली. तोवर माझ्या वह्या बुटांच्या खोक्यांत असत, प्रत्येक वर्षाची एक वही, तिला एक खोकं. पहिल्या खेपेस सात खोक्यांतल्या वह्या काढून फळीवर लावल्या आणि खोकी ब्रिगिताबाईंना नेऊन दिली. त्यांनी कचऱ्यातून उचलण्यापेक्षा आपण हातात दिलेली बरी, असा हिशोब.

दोन आठवड्यांनी, बुधवारी, मी त्यांच्याकडे अंड्यांचे ट्रे घेऊन गेले. पोरं निघून गेली होती. टेबलावर नऊ पोरांची नऊ घरं अर्धवट उभी होती. एका घराच्या खिडकीतून मला आतल्या भिंतीवर निळी शाई दिसली. माझं अक्षर मी ओळखते. ट्रे ठेवले, घरी आले, फळीसमोर उभी राहिले. २००६ ची वही नव्हती.

त्या रात्री मी फार नीट विचार केला असं मला वाटलं. खोकी रिकामीच दिली होती, मग वही गेली कशी? दार मी उघडं टाकते, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बेकरीत दारिंका भेटली, बुधवारी तिकडे जाणाऱ्या नेलाची आई. मी तिला एवढंच म्हणाले, की ब्रिगिताबाई लोकांचे कागद वाचतात आणि बहुतेक घरात शिरूनही नेतात, पोरीला पाठवायचं ते बघून पाठव. पाव बांधणारी ऐकत होती. एवढं पुरलं.

पुढच्या बुधवारी एकही मूल तिकडे गेलं नाही. मी खिडकीतून मोजत होते. पाच वाजता ब्रिगिताबाई रस्ता ओलांडून माझ्या दाराशी आल्या. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"आज एक पोर आलं नाही," त्या म्हणाल्या. "ग्रेगोरची संध्याकाळ चार दिवसांवर आलीय. दारिंकाला विचारलं, तर तुमचं नाव घेऊन म्हणते, ओटिलियाबाईंना विचारा."

"माझी वही तुमच्याकडे कशी आली ते आधी सांगा."

"तुमच्याच खोक्यातून. तळाला पातळ कागद होता ना, त्याखाली."

"मी रिकामी खोकी दिली. मी सगळं लिहून ठेवते."

"मग काढा की वाचून."

मी चालू वर्षाची वही काढली. उपासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, चौदा फेब्रुवारी. "खोकी रिकामी केली: सात. फळीवर वह्या लावल्या: सहा." दोन्ही ओळी एकाखाली एक, माझ्याच हाताच्या. मी मोठ्यानं वाचल्या, मग मनात परत वाचल्या. ब्रिगिताबाई हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी फडकं सोडून वही टेबलावर ठेवली. पुठ्ठा, शिवण, सगळं जागच्या जागी. फक्त नऊ पानं सुरीनं अगदी मुळाशी कापलेली होती. कोणती ते मला उघडून पाहावं लागलं नाही.

वाचल्यावर परत कशी करणार होते, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं असतं वाचली का, तर त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणून स्वतःबद्दलची तेवढी पानं काढली. घरांना आतून अस्तर लागतंच. पानं पाण्यात जातील आणि दोघींनाही तोंड उघडावं लागणार नाही. अक्षरं पुठ्ठ्याकडे करून चिकटवायची होती, एक पान घाईत उलटं लागलं.

"मला चोर म्हणा, काही म्हणा," त्या उठता उठता म्हणाल्या. "पोरं तेवढी परत पाठवा. तुम्ही थांबवलीत, तुम्हीच पाठवा."

गुरुवारी आणि शुक्रवारी मी नऊ दारं वाजवली. चूक माझी होती, वही मीच दिली होती, असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. दारिंका म्हणाली, "म्हणजे चोर तुमच्याच घरात निघाला म्हणायचा, आजी." ती हसली, पण नेलाला पाठवलं. सात आयांनी फारसं काही न विचारता पाठवलं. नवव्या घरी येर्नेयच्या आईनं मात्र दार अर्धंच उघडलं.

"गेल्या आठवड्यातही तुम्ही इतक्याच खात्रीनं बोलत होता," ती म्हणाली. "आता यातलं कोणतं खरं धरू?"

ती दार लावेपर्यंत मी पायरीवर उभी राहिले.

रविवारी संध्याकाळी ओढ्याकाठी गाव जमलं. आठ घरं एकामागोमाग पाण्यात गेली. मी घरांकडे पाहतच नव्हते. कोण वाकतंय, कुणाची नजर खिडकीत जातेय, तेवढंच पाहत होते. खाली जाळीपाशी घरं अडतात, तिथे ब्रिगिताबाई लांब दांड्याचा आकडा घेऊन उभ्या होत्या. फळ्या पुढच्या वर्षी लागतात. नेलाचं घर काठाला लागलं, आणि ती खिडकीला डोळा लावून बसली. ती दुसरीत आहे, दिसेल ते वाचते.

"आत ब्रिगिताबाईंचं नाव आहे," ती म्हणाली. "कुणी लिहिलंय?"

ब्रिगिताबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आकडा धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मी," मी म्हणाले.

"काय लिहिलंय?"

दारिंका, बेकरीवाल्याची बायको, सगळ्या ऐकत होत्या. "त्या लोकांच्या कचऱ्यातून खोकी उचलतात, असं लिहिलंय."

"उचलतातच की," नेला म्हणाली. "नाहीतर घरं कशाची करणार?"

ब्रिगिताबाईंनी ते घर आकड्यानं ओढून घेतलं आणि मेणबत्ती फुंकली. आतला कागद ओला होऊन शाई उतरली होती. त्यांनी तो खरवडून पाण्यात टाकला, फळी झटकून बाजूला ठेवली.

येर्नेयचं घर तसंच राहिलं. ब्रिगिताबाईंनी ते पूर्ण केलं, कौलं लावली, धुराडं लावलं, आणि आपल्या खिडकीत ठेवलं, माझ्या घराकडे तोंड करून. खिडकी तशीही रिकामी होती म्हणून ठेवलं, की मला दिसावं म्हणून, हे मी विचारलेलं नाही. त्यात माझं एक पान आहे. कोणत्या तारखेचं, ते कळावं म्हणून मी कधीकधी चष्मा बदलून पाहते. अक्षरं पुठ्ठ्याकडे आहेत, दिसत नाहीत.

येर्नेयच्या आईला मी तीनदा जाऊन सांगून आले. पुढच्या ग्रेगोरला आता पाच आठवडे उरलेत. येर्नेयला बुधवारी पाठवणार का, ते तिनं अजून कळवलेलं नाही.