तिसऱ्यांदा बसेपर्यंत

या जगात कोणतीही वस्तू आपल्या जागी पूर्ण बसलेली नाही, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत, डंपरच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात घालवली. रिटायर झाल्यावर डंपर सुटले, पण संशय सुटला नाही. आमच्या वडसा गावच्या घरी आले की चपला काढायच्या आधी दाराची कडी हलवून बघत. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा रेग्युलेटर, कुकरचं झाकण, मिक्सरचं भांडं यांची हजेरी घेत. माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, चिडून म्हणायची, "भाऊजी, बसलं आहे ते!" त्यावर साडूभाऊ शांतपणे म्हणत, "बसल्यासारखं दिसून राह्यलं. बसलं नाई." थोरली मुलगी नागपूरला दिली, तेव्हा महिनाभर रोज फोन करून जावयाला एकच प्रश्न विचारत होते, "पोरगी बसली का तिथं?" जावई बिचारा नवा. तो दर वेळी बैठकीत डोकावून सांगे, "हो बाबा, सोफ्यावर बसली आहे."

एका हिवाळ्यात मी त्यांना वडशात नाटकाला नेलं. दुसऱ्या अंकात खलनायक चालला की स्टेजची एक फळी करकरायची. मध्यंतर होताच साडूभाऊ स्टेजवर चढले आणि खिशातून पाना काढून फळीखाली शिरले. पडदा उघडला तेव्हा हजारभर लोकांना आधी त्यांचे पाय दिसले. खलनायकाने तलवार म्यान करून वाट पाहिली. मॅनेजर ओरडत होता, आणि फळीखालून आवाज आला, "नाटक थांबलं तं चालते, फळी हालली नाई पाह्यजे!" टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या.

पण चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, तेव्हा तिरडीच्या दोऱ्या त्यांनी तीनदा सोडून तीनदा बांधल्या, आणि त्या दिवशी कोणालाच हसू आलं नाही. त्यानंतर ते चंद्रपूरच्या घरात एकटेच राहिले. बोलणं कमी झालं. हातांकडे बघत बसायची सवय लागली.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबवत नाही, आणि शाळा तर रोज गाठायची. गेल्या उन्हाळ्यात गाडीखाली लाल तेल ठिबकू लागलं. ब्रह्मपुरीला एक गॅरेज आहे. त्याचा मालक पूर्वी खाणीत साडूभाऊंच्या हाताखाली शिकलेला, आता पंचेचाळिशीचा, स्वतःही उस्ताद झालेला. त्याने गिअरबॉक्स उतरवून पुढचं सील बदललं आणि साडूभाऊंना फोन केला, "भाऊ, टॉर्क कन्व्हर्टर बसवायचा आहे. येता का?" खरं तर त्याला गरज नव्हती. घरात बसून म्हातारा खचेल, एवढंच त्याच्या मनात होतं. साडूभाऊ सकाळच्या पहिल्या बसने इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

हा टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला, तेलाने भरलेला, कोहळ्याएवढा गोल डबा. क्लचचं काम तोच करतो. तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवताना हळूहळू फिरवायचा आणि अलगद दाबायचा. एकेक खाच जुळली की तो तेवढा खाली उतरतो. आधी एकदा, मग दुसऱ्यांदा आणि शेवटी आतल्या तेलाच्या पंपाच्या खाचेत, तिसऱ्यांदा. दोनदा उतरला की नवखा माणूस खूश होतो आणि उरलेली फट बोल्ट आवळून मिटवतो. तिथे पंप फुटतो. हे सगळं साडूभाऊंनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की मी सातवीच्या वर्गाला शिकवू शकलो असतो.

गिअरबॉक्स तोंड वर करून उभा ठेवला होता. साडूभाऊंनी कन्व्हर्टरमध्ये थोडं तेल ओतलं, तो दोन्ही हातांनी उचलून शाफ्टवर ठेवला आणि फिरवू लागले. एकदा उतरला. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. मग ते फिरवतच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कपाळावरचा घाम डब्यावर पडत होता. मी आणि मालक दोघंही बघत उभे होतो. पंधराएक मिनिटांनी त्यांनी हात काढले आणि म्हणाले, "बसला."

मालकाने नुसतं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तो हसून म्हणाला, "भाऊ, दमले असाल. समोर चहा घेऊन या. मी पुसून ठेवतो."

साडूभाऊ रस्ता ओलांडेपर्यंत तो थांबला. मग वाकून त्याने कन्व्हर्टर हलकेच फिरवला. जेमतेम दोन फेऱ्यांत तो डबा जड आवाज करून बोटभर खाली गेला. "गुरुजी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊले सांगू नका."

मी मान हलवली. साडूभाऊ परत आले. त्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली, गिअरबॉक्सच्या तोंडापासून कन्व्हर्टरपर्यंतची खोली मोजली. पुन्हा मोजली.

"मी गेलो तवा हे एवढं खोल नव्हतं."

"भाऊ, तुमचंच बसलं होतं. मी फक्त पुसलं."

"पुसल्यानं खाली जाते का बे?"

साडूभाऊ बाजूच्या स्टुलावर बसले. आपली बोटं उघडमीट करत म्हणाले, "मले माहीत होतं. तिसऱ्यांदा उतरलाच नाई. साखरेच्या बिमारीनं बोटं बधिर झाले. साल झालं, काईच समजून नाई राह्यलं."

"मग बसला म्हणून काऊन सांगितलं भाऊ?"

"तुमी दोघं पाहून राह्यले होते." मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "अन् तू माह्यावर भरवसा ठेवून बोल्ट लावले असते तं? या गुरुजीची गाडी कुठं जंगलात बंद पडली असती? काढ तो. माह्यासमोर बसव."

मालकाने कन्व्हर्टर उचलला आणि पहिल्यापासून बसवायला घेतला. साडूभाऊ गिअरबॉक्सवर तळहात ठेवून, कान जवळ नेऊन उभे राहिले. बाहेरून ट्रक जात होते. तिसऱ्यांदा तो उतरला, ते मला ऐकू आलं. त्यांना आलं नसावं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं भाऊ."

पट्टी त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती मालकाच्या हातात ठेवली आणि हात धुवायला गेले.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. गाडी अजून कुरकुर न करता चालते. रविवारी मी त्यांना फोन करतो. ते गाडीचं विचारत नाहीत, मीही सांगत नाही. इकडे पाऊस किती झाला, धानाची रोवणी आटोपली का, पुराने बंद पडलेला भामरागडचा रस्ता सुरू झाला का, असंच काहीबाही बोलणं होतं. मग विषय संपतात. पलीकडे टीव्ही चालू असतो, नातवंडं भांडत असतात, आणि साडूभाऊंचा श्वास ऐकू येतो. ठेवतो म्हणायचं दोघांच्याही ओठांवर असतं. कोणीच म्हणत नाही.