अर्धी शेळी

ती बाई मला एकदाच भेटली, तीही वर्गाच्या दारात. चिचगडकडच्या शाळेत मी नववीच्या मुलांना लाकडी ठसे कोरायला शिकवत होतो. वर्गातली एक मुलगी महिन्यापूर्वी सिकलसेलच्या आजाराने गेली होती. तिची ही आई.

"पोरीनं काही बनवलं होतं म्हणे," ती म्हणाली.

मी कपाटातून मुलीचा ठसा काढला, शाई लावून कागदावर दाबला. घरच्या शेळीचं तोंड आणि पुढचे पाय स्पष्ट उमटले. मागे नुसता काळा चौकोन.

"मागचं काऊन काळं?"

"न कोरलेलं काळंच उमटतं, ताई. तेवढं राहिलं तिचं."

तिने ठसा हातात घेतला. कोरलेल्या खाचांवरून तिचा अंगठा फिरत राहिला आणि खाचा संपल्या तिथे थांबला. बोटं शाईने भरली, तिचं लक्ष नव्हतं.

"शेळी मी पुरी करून देतो," म्हणालो.

"नोका करू, गुरुजी. माही पोरगी थेथवरीच होती."

ओला ठसा पदरात गुंडाळून ती गेली. कागद तिथेच राहिला. मुलांचे छाप मी दरवर्षी वर्गाच्या भिंतीवर लावतो. तो मात्र अजून लावता आलेला नाही.