व्हर्नच्या व्हॅनचं मिसिंग

टोलेडो शहराच्या पूर्वेला, रिफायनरीच्या धुराड्यांखालच्या वस्तीत आर्लीन ग्रॅबोव्स्की राहायची. शाळेची बस चालवण्यात तिची हयात गेली. गाडी चालवायची तिनं आणि नीट ठेवायची नवऱ्यानं, अशी लग्नापासूनची वाटणी होती. नवरा, व्हर्न, गाड्यांच्या कारखान्यात फिटर. घरची हिरवी मिनीव्हॅन त्यांनी मुलगी तेरेसा हायस्कुलात असताना घेतलेली. तेरेसाच्या सॉफ्टबॉलचा अख्खा संघ त्या व्हॅननं वाहिला आणि पोरगी लग्न होऊन टेक्सासला गेल्यावर चर्चमधल्या शुक्रवारच्या जेवणाची मासळीची पातेलीही. दारावर पोचा होता, पण व्हर्ननं इंजिनाला कधी कुरकुरू दिलं नव्हतं.

तो निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलणं गेलं नाही, पण विस्कटलं. शब्द सगळे होते, फक्त भलत्याच खणांत जाऊन पडले होते. कंगवा हवा असला की तो ‘मंगळवार’ म्हणायचा, आर्लीनला हाक मारायची तर तोंडातून ‘शिडी’ निघायचं. समोरच्याचं मात्र त्याला सगळं कळायचं, आणि आपण चुकीचं बोललो हेही कळायचं. मग तो ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसायचा.

बोलण्याच्या उपचारासाठी आर्लीन त्याला दर आठवड्याला व्हॅननं इस्पितळात न्यायची. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, हमरस्त्याला लागल्यावर, गाडी अचानक मिसिंग मारायला लागली. इंजिन गचके खाऊ लागलं, स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता.

“पाव,” व्हर्न म्हणाला.

“घरी गेल्यावर देते. सकाळी दोन तर खाल्लेस.”

त्यानं डाव्या हातानं डॅशबोर्डवर थाप मारली. “पाव! पाव, आर्लीन!”

कित्येक महिन्यांत त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ती हसली, त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि त्याच आनंदात इस्पितळापर्यंत तशीच गाडी हाकत गेली. तो थापा मारत राहिला. उतरताना कसलासा जळका, कुजक्या अंड्यासारखा वास आला.

संध्याकाळी शेजारचा हॅल येऊन बघून गेला. हॅल कारखान्यात व्हर्नच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं सांगितलं, की दिवा नुसता लागला तर सवडीनं बघितलं तरी चालतं, पण उघडझाप करत असेल तर गाडी तिथंच बाजूला घ्यायची. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जातं आणि तिथली धूर साफ करणारी महागडी जाळी भाजून निघते. ती भाजून निघालीच होती.

आर्लीन स्वयंपाकघरात येऊन व्हर्नसमोर बसली. “तू थांब म्हणत होतास ना रे?”

त्यानं मान डोलावली. तिनं त्याची माफी मागितली, तेव्हा त्यानंच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुरुस्ती आपण करून देतो, असं हॅलनं सांगितलं होतं. जाळी तो नंतर बदलणार होता, पण मिसिंगच्या बाबतीत आर्लीनच्या मनात वेगळंच होतं. डोकं व्हर्नचं आणि हात आपले, असं करायचं तिनं ठरवलं. इतके दिवस माणूस रिकामा बसून झुरतोय, आपलं काहीतरी उरलंय असं त्याला वाटेल, असा तिचा हिशेब.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर तिनं त्याला गॅरेजमध्ये खुर्ची दिली आणि बॉनेट उघडलं. हॅल ठेवून गेलेल्या यंत्रानं चौथ्या सिलिंडरचा दोष दाखवला होता. व्हर्ननं बोटानं त्यावरची ठिणगी देणारी कॉइल दाखवली आणि म्हणाला, “चमचा.”

“बरं, चमचा,” आर्लीन म्हणाली. मग पानाही चमचा झाला आणि प्लगही. दोघं हसू लागले. असं हसणं त्या घरात फार दिवसांनी झालं होतं. त्याच्या खुणांप्रमाणे तिनं चौथी कॉइल पाचव्यावर बसवली, पाचवी चौथ्यावर. इंजिन चालू केल्यावर यंत्रावर दोषही पाचव्यावर सरकला. म्हणजे कॉइलच गेलेली. व्हर्ननं अंगठा उंचावला. ती नवी कॉइल घेऊन आली.

कॉइल तिच्या हातून काढून घेऊन तो उठला. स्वतः बसवायची होती. कुशीनं गाडीला रेलून त्यानं डावा हात आत घातला, पण कॉइल निसटून खालच्या फटीत गेली. आर्लीननं ती काढून दिली. पुन्हा निसटली. मग बोल्ट पडला. तिनं त्याचा हात धरायला हात पुढे केला, तर त्यानं तो कोपरानं बाजूला सारला. बऱ्याच वेळानं तो आपण होऊन मागे सरला आणि खुर्चीत बसला. कॉइल तिनंच बसवली.

इंजिन एकसुरात चालू लागलं. ती वळली, तर व्हर्नचे गाल ओले होते. आनंदानं, असंच तिला वाटलं.

“बघ, केलंस की नाही तू!”

त्यानं तिच्याकडे बघितलं. “नाही,” तो म्हणाला. “तू.”

दोन्ही शब्द अगदी बरोबर जागेवर होते.

त्यानंतर तो गॅरेजमध्ये पाऊल टाकेना. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला, त्यानं हॅलला बोलावून हत्यारांच्या पेटीकडे बोट दाखवलं, घेऊन जा म्हणून. हॅल नको नको म्हणत राहिला. शेवटी आर्लीननंच त्याला नेण्याची खूण केली. उपचाराला व्हर्न जात राहिला, पण तिथल्या बाईनं चित्रं दाखवली तरी तोंड उघडायचा नाही. फेब्रुवारीत, दुपारी खुर्चीत डुलकी घेत असताना, दुसरा झटका आला आणि त्यातच तो गेला. दफनाला तेरेसा आली. शवपेटीच्या काळ्या गाडीमागून आईनं व्हॅन स्वतः चालवत नेली, स्टिअरिंग कुणाला दिलं नाही.

बर्फ वितळल्यावर हॅल फाटकाची बिजागरी बदलायला आला होता. कॉफी पिताना आर्लीननं त्याला विचारलं, “त्या दिवशी गाडी तुझ्याकडेच दिली असती, तर तो असा मिटला नसता ना?”

हॅलनं कप खाली ठेवला. “मी केली असती, तर खिडकीतून बघत बसला असता,” तो म्हणाला. “तेही त्याला सोसलं नसतं.”

“पण हसला असता का, चमचा म्हणून?”

हॅलनं कप तिच्याकडे सरकवला. तिनं त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.