बीजींची गुढती

आम्ही वर राहतो आणि बीजी खाली. चंदीगडच्या सेक्टरांतली जुनी घरं अशीच, मालक खाली, भाडेकरू वर, जिना एकच. मुलगा-सून दोघांच्या नोकऱ्या इथे, म्हणून म्हातारपणी मी सातारा जिल्ह्यातून उठून इकडे आले. मराठी बोलायला घरातली माणसं तेवढी, त्यातही नात हिंदीतच उत्तर देते. तेव्हा बीजी भेटल्या हे माझं नशीबच म्हणायचं. बीजी म्हणजे खालच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या आजी. त्यांचा मुलगा, सून दोघं परदेशी, आणि खाली त्या, त्यांचा नातू आणि नातसून. त्या मला भैणजी म्हणतात. आमचं बोलणं हिंदीत चालतं, त्यांच्या हिंदीत पंजाबी आणि माझ्या हिंदीत मराठी. इथे मी ते मराठीतच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याची पंचाईत व्हायची.

माझी सून लहान मुलांच्या आजारांवर संशोधन करते. संशोधन म्हटल्यावर मला वाटलेलं की पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या हलवत बसायचं. तसं काही नसतं. ती वॉर्डात जाते, ज्या तान्ह्या बाळाचा श्वास अडतोय त्याच्या नाकात बारीक काडी घालून नमुना घेते. मग त्याच्या घरी जाऊन आईच्या, बापाच्या, आजीच्या नाकातला घेते. जंतू कुठला, घरात आणखी कोणाला आहे, आईने गरोदरपणी लस घेतलेली का, असं सगळं जुळवत राहते. घरी आली की आधी आंघोळ, मगच लेकीला हात लावायचा. जेवताना वॉर्डाचं नाव काढत नाही. पोळी नुसतीच कुस्करत बसली की मी समजते, आज एक गेलं.

एकदा मी म्हटलं, "अगं, बरं झालेलंही सांगत जा की."

ती म्हणाली, "आई, ज्यांनी लस घेतली त्यांच्याकडे काही घडतच नाही. न घडलेलं कसं सांगायचं?"

तर बीजींची नातसून पोटुशी राहिली. ही दुसरी खेप. पहिल्या वेळी तिसऱ्याच महिन्यात सगळं गेलं होतं, आणि त्याच्या थोडे दिवस आधी तिला कसली तरी सुई टोचली होती. सुईचा आणि त्याचा संबंध नाही असं तिच्या डॉक्टरणीने सांगितलेलं, पण बीजींच्या डोक्यात ती सुई रुतून बसली ती बसलीच.

सातवा लागून गेला तेव्हा नातसून वर आली. माझ्या सुनेला दीदी म्हणते. सुनेने तिला समजावलं की धनुर्वाताची सुई सगळ्याच घेतात, तसलीच एक असते, तिच्यात डांग्या खोकल्याचंही औषध असतं. सरकारी टोचणीत ती नाही, बाहेरून घ्यावी लागते. आईने ती आता घेतली की तिच्या रक्तातलं बळ नाळेतून बाळाला मिळतं. बाळाची स्वतःची टोचणी दीड महिन्याला सुरू होते, तोवर त्याच्यापाशी आईने दिलेलं तेवढंच असतं.

"मी घेते दीदी," ती म्हणाली. "पण बीजींना विचारते."

विचारलं, आणि तिथेच ते थांबलं.

सून मला म्हणाली, "आई, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील."

मी गच्चीवर गेले. थंडीतलं ऊन पडलेलं, बीजी मटार सोलत बसलेल्या. मीही परातीला हात लावला.

"सुनेने पाठवलं ना?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"पाठवलं. पण मलाही वाटतं."

"भैणजी, तुम्ही मराठी लोक मिरचीचा ठेचा खाता, तुमच्या बाळांना बाहेरचं काय बाधणार? आमची पोर नाजूक आहे. धनुर्वाताची झाली तेव्हाही मी आठवडाभर धड झोपले नाही. आता आणखी एक?"

"डांग्या खोकला वाईट असतो, बीजी. आमच्या गावात पोरं खोकून खोकून निळी पडायची."

"तो जुन्या काळचा आजार. आता कोणाला होतो?" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा गेलं, भैणजी. आता जे आहे त्याला मी कोणाला हात लावू देणार नाही."

त्यांना ते मूल माझ्याहून जास्त हवं होतं. मी मटार सोलत राहिले. त्याही सोलत राहिल्या, आणि मधूनच ओढणी तोंडाला लावून खोकत होत्या. इथली थंडी अशी की घरोघरी कोणी ना कोणी खोकत असतंच. धुकं, शेकोट्यांचा धूर. म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याकडे कोण बघतं?

मुलगा झाला. दारावर शिरीषाची पानं बांधली, इकडे मुलगा झाला की बांधतात. सवा महिना बाहेरच्या माणसाने एकदम आत यायचं नाही. दुधवाल्याने भांडं उंबऱ्यावर ठेवायचं. मी गेले तरी बीजी माझ्यावर पाणी शिंपडायच्या, आगीवर हात शेकायला लावायच्या, मग आत घ्यायच्या. मला त्याचा राग आला नाही, आमच्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत असं कोणी भसकन शिरत नाही.

आता गुढती म्हणजे काय ते सांगते. बाळ जन्मलं की घरातलं नाहीतर ओळखीतलं जे माणूस स्वभावाने सगळ्यांत चांगलं, त्याने बोटावर मध घेऊन बाळाच्या जिभेला लावायचा. त्या माणसाचा स्वभाव बाळात उतरतो म्हणतात. आपल्याकडे सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात, तसंच काहीसं, पण इथे सोन्यापेक्षा माणूस निवडायला महत्त्व. आणि आमच्या गल्लीत निवडायचं म्हटलं की बीजी. कुठल्याही घरातलं पोर जरा गुणी निघालं की लोक म्हणायचे, याला गुढती बीजींची आहे. पोर वांड निघालं तर बीजीच म्हणायच्या, "हा माझा नाही, याला याच्या मामाने दिली."

पणतवाला गुढती त्यांनीच दिली. माझी सून म्हणालेली, "बीजी, वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. आणि तुमचा खोकला जाईपर्यंत जरा लांब राहा, निदान तोंडाला बांधा."

बीजी हसल्या. "डॉक्टरनी, मी काय दुधवाला आहे? मी घरची आहे."

पानं दारावर होती. बाहेरच्यांसाठी. आत बीजी बाळाला मांडीवर घेऊन, तोंडाजवळ तोंड नेऊन त्याच्याशी बोलायच्या, मालिश करायच्या, खोकला आला की मान जरा बाजूला वळवायच्या.

सवा महिना अजून भरायचा होता. मी अळिवाचे लाडू घेऊन खाली गेले. दुपारचं जेवण झालेलं. नातसून बाळाला पाजत होती, तीही आता थोडी खोकत होती. बाळाला सर्दी झालीय, नीट पीत नाही, म्हणाली. मी जवळ जाऊन बघितलं. बाळ पिता पिता थांबलं. रडलं नाही, खोकलं नाही, नुसतं थांबलं. ओठ जांभळे व्हायला लागले. मला वाटत होतं डांग्या खोकला म्हणजे तो हुप्प असा आवाज, सगळ्या आळीला ऐकू जाणारा. इथे आवाजच नव्हता. त्याच्या आईला वाटलं झोप लागली.

मी त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. श्वास परत आला, कसाबसा. मी जिन्यातून सुनेला हाक मारली. तिची त्या दिवशी सुट्टी होती. ती अनवाणीच खाली आली. बाळाकडे एकदा बघितलं आणि बीजींच्या नातवाला म्हणाली, "गाडी काढ." रस्त्यात बाळाचा श्वास पुन्हा थांबला, आणि तिने तोंडाने फुंकून त्याला परत आणलं, हे मला नंतर कळलं.

पुढचे दिवस मी खालीच होते. बीजी देवापुढे बसून होत्या, मी स्वयंपाक करायची, कोणी जेवायचं नाही, ते गाईला जायचं. सून रात्री वर यायची तेव्हा मी विचारायची, "कसं आहे?" ती म्हणायची, "मशिनवर आहे." एकदा म्हणाली, "पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात, आई. इतक्या लहान बाळात असं झालं की..." आणि आंघोळीला निघून गेली.

ते गेलं. पहाटे फोन आला. त्याचं नावही ठेवलेलं नव्हतं. इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. नातू आणि माझा मुलगा, दोघंच घेऊन गेले. बीजींनी विणलेला पिवळा स्वेटर त्याच्या अंगात होता, मापाला मोठा, पुढच्या थंडीलाही यावा म्हणून विणलेला.

मग सुनेला तिचं काम करायचं होतं. घरातल्या सगळ्यांना औषध दिलं, आणि सगळ्यांच्या नाकातले नमुने घ्यायचे होते. ती दोन वेळा जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाला पाठव." ती म्हणाली, "दुसऱ्या घरांत मीच जाते ना. मग इथे कसं नाही जायचं?" गेली. बीजींनी मुकाट्याने मान वर केली.

निकाल आला. बाळाला तोच आजार होता. बीजींच्या नाकात तो सापडला आणि नातसुनेच्याही. सुनेने खाली बसून दोघींना सांगितलं, कोणाकडून कोणाला गेला ते या तपासणीत कळत नाही, आणि हा कोणाचा दोष नाही. नातसून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नंतर ती माहेरी गेली, बरेच महिने आली नाही.

थंडी ओसरताना एका दुपारी बीजी गच्चीवर आल्या. आता खोकला नव्हता. माझ्यापासून लांब, टाकीजवळ बसल्या.

"भैणजी, तुमची सून भली आहे. ती खरं सांगायची नाही. तुम्ही सांगा."

"तिने सांगितलं तेच खरं आहे, बीजी. तपासणीत कळत नाही."

"तपासणीचं राहू द्या. आधी कोण खोकत होतं?"

त्या थांबल्या होत्या. मटार सोलताना त्या कशा खोकायच्या ते मी ऐकलेलं होतं आणि मी ते ऐकलेलं आहे हे त्यांना माहीत होतं. खोटं बोलले असते तर आमच्या दोघींत मग काहीच उरलं नसतं.

"तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, भाव विचारून घ्यावा तशी. "लोक म्हणतात गुढतीतून स्वभाव जातो," त्या म्हणाल्या. मग उठून खाली गेल्या. गल्लीत त्यानंतर दोन घरांतून बोलावणं आलं, बीजी, बाळाला गुढती द्या. त्यांनी दार उघडलं नाही.

नातसून परत आली. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. वेळ आली तेव्हा ती स्वतः जिना चढून वर आली आणि स्वेटरची बाही वर करूनच सुनेसमोर बसली. सून म्हणाली, "इथे नाही गं देत, दवाखान्यात जाऊ," आणि दोघी निघाल्या. बीजी खालच्या पायरीवर बसलेल्या. त्यांनी पाय आवरून वाट दिली. "जा," एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या झोपल्या की नाही, मी विचारलं नाही. त्यांनीही ती लस घेतली, माझ्या सुनेकडून दिवस ठरवून, माझ्यासोबत.

मुलगी झाली. मध कोणीच चाटवला नाही. दीड महिन्याची टोचणी झाली, पुढच्याही वेळेवर झाल्या. सून म्हणाली, "बीजी, आता घ्या तिला. तुम्हाला काही झालेलं नाही, तिलाही संरक्षण आहे." मीही सांगून बघितलं. नातसुनेने एकदा मुलगी सरळ त्यांच्या मांडीत ठेवायला नेली, तर बीजी अशा उठल्या की बाजूचा चहा सांडला.

आता ती मुलगी रांगते. व्हरांड्याला जाळीचं दार आहे, डासांसाठी लावलेलं. बीजी बाहेर खुर्चीवर बसतात, तोंडावर ओढणी, आणि जाळीतून तिच्याशी बोलतात. तिलाही तो आवाज ओळखीचा झालाय, सगळं टाकून तिकडे जाते. परवा मी लाडवांचा डबा परत आणायला गेले, तेव्हा ती जाळीला धरून पहिल्यांदा उभी राहिली, पाय थरथरत होते. पलीकडे बीजी खुर्चीतून उठल्या. मला वाटलं आता दार उघडतील. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, आणि बसल्या.