सावनेरचं स्थळ

आमचे हे गेले, तेव्हाही त्यांची समजूत हीच होती, की कुंदाची पत्रिका जुळली नाही म्हणून ते लग्न राहिलं. माझे दीर दिनकरभाऊजी, ज्यांच्यासाठी ते स्थळ आलं होतं, ते तर आजही तसंच समजतात. खरं काय ते सासूबाईंना ठाऊक होतं, पण त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे जाणणारी मी एकटीच उरले — आणि कुंदा. कुंदाला मी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागलंच नाही.

आजवर हे कोणापुढे बोलले नाही. मी तशी तोंडाळ बाई, धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. सगळ्यांचं सगळं बोलून झालं, हे एवढं तेवढं राहिलं. मध्येच मी दुसरंच काही सांगू लागले तर समजा, की मुद्द्याशी येऊन पुन्हा मागे फिरले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात मी सोशल वर्कर होते. आमचे मोठे सर सर्जन. त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला होता — काही घरांतल्या बायकांना छातीची गाठ पिढ्यानपिढ्या का येते? परदेशी मासिकांत त्यावर लिहून यायचं. आपल्याकडे कोणी विचारलंच नव्हतं. आणि विचारणार कोणाला? घरच्या पुरुषाला विचारलं तर तो बापाचं सांगणार, आजोबांचं सांगणार. आईची आई कशानं गेली, मावशीचं काय झालं, याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी पेशंटच्या गावी जायची, बायकांमध्ये खाली बसायची, त्यांच्याबरोबर तूर निवडायला घ्यायची, आणि हळूच विषय काढायची. कोणी म्हणे नजर लागली. कोणी म्हणे बाहेरचं झालं होतं. छातीत गाठ होती, हे तोंडातून निघायला दुपार जायची, आणि निघालं तरी आवाज एकदम खाली यायचा. मी परत आले की सर त्या घराचा नकाशा काढायचे. बायका गोल, पुरुष चौकोन, ज्याला आजार तो काळा.

आज या कामाला भलंमोठं नाव आहे. मुली त्यातलं शिकून येतात, पदव्या लावतात. तेव्हा आमच्याकडे पदवी नव्हती की काही नव्हतं. होता तो फक्त शब्द. निघताना दारात उभी राहून मी प्रत्येक घरी सांगायची — हे कुठंही जाणार नाही, माझ्या घरच्यांनासुद्धा कळणार नाही. सरांनी सांगितलेलं वाक्य पहिल्या अर्ध्यापर्यंतच होतं. ‘माझ्या घरच्यांनासुद्धा’ हे मी जोडलं होतं. ते म्हटलं की बायकांचा चेहरा सैल पडायचा. मला त्याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू!

सावनेरचं ते घर असंच उघडलं मी. घरची शेती, गावात खता-बियाण्यांचं दुकान. दोन मुली. थोरली विमल, कळमेश्वरकडे दिलेली. धाकटी कुंदा, बी.ए.ला होती. त्यांची आई आमच्याच वॉर्डात गेली. त्याआधी मावशी गेली होती, त्याआधी आजी — सगळ्या त्याच गाठीनं. सर म्हणाले, या दोघी पोरींना सोडू नका, दर सहा महिन्यांनी तपासायला आणा. आणि त्या यायच्या हो. एस.टी.नं यायच्या, येताना माझ्यासाठी संत्री आणायच्या, बाकावर बसून हसत बसायच्या. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. सावनेरच्या लोकांना वाटे, पोरी सिनेमाला जातात.

एकदा तपासून झाल्यावर कुंदा मागे रेंगाळली. म्हणाली, “ताई, मी लग्न करू का नको?”

काय थाटात उत्तर दिलं मी! म्हटलं, कर की. आईला झालं म्हणून तुला होईलच असं नाही, नाहीही होणार. तपासायला येत जा आणि खुशाल संसार कर. तू ज्या घरात जाशील त्या घराचं नशीब म्हणायचं. पोरगी रडली, मग हसली. पुढे हेच मी कितीतरी जणींना सांगितलं. खोटं बोलत होते का? नाही हो. दुसऱ्यांच्या घरांसाठी ते खरंच होतं.

मग दिनकरभाऊजींसाठी स्थळं पाहणं सुरू झालं. बँकेत नोकरी, स्वभावानं गरीब, दिसायला बरे. मध्यस्थानं सावनेरचं स्थळ आणलं आणि आडनाव ऐकूनच मी ओळखलं, ही आपली कुंदा. तेव्हाच काही निमित्त काढून थांबवता आलं असतं. किंवा मनाशी म्हणता आलं असतं, की बाई गं, तूच तिला सांगितलंस ना लग्न कर म्हणून? मग होऊ दे. दोन्हींतलं एकही मी केलं नाही. बघू, म्हटलं. मुलगी पाहायला मी येत नाही म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, “मोठी सून नाही तर काय मी एकटीनं जाऊ वं?” गेले.

बैठकीत आम्ही सगळे ओळीनं बसलेलो. कुंदाच्या वडिलांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग कुंदा पोह्यांचा ट्रे घेऊन आली, मान खाली. सासूबाईंना दिले, भाऊजींना दिले, माझ्यापुढे आली आणि तिनं मान वर केली.

वाटलं होतं, घाबरेल. पण ती — तिचा चेहरा असा फुलला की बस्स! मला तेव्हा कळलंच नाही, ही का हसून राहिली. नंतर हात धुवायला आत गेले तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं, माझे ओले हात धरले आणि म्हणाली, “ताई, हे तुमचं घर हाय, मले कोणी सांगतलंच नाही! म्हणजे तुमाले सारं माहीत असून तुमी आल्या. आता मले काहीच लपवा लागत नाही.”

कळलं का तुम्हाला? तिला वाटलं, या घरानं सगळं ठाऊक असून आपल्याला पसंत केलं. जन्मभर झाकून ठेवायची गोष्ट, ती इथं झाकायला नको. आणि मी काय केलं? मी तिच्या गालावरून हात फिरवला.

परतताना टॅक्सीत सगळे खूश. भाऊजी खिडकीबाहेर पाहत एकटेच गालात हसत होते. सासूबाई म्हणाल्या, “पोरगी लाखात एक हाय. पक्कं करून टाकू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष कामावर गेले. सासूबाई गहू पाखडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि सांगितलं. एकाच वाक्यात सांगितलं — तिची आई, मावशी, आजी, सगळ्या छातीच्या गाठीनं गेल्या, उद्या हिलाही होऊ शकतं. झालं. ज्या दारात उभी राहून मी शब्द दिला होता, त्याच दारातून आदल्या दिवशी पोहे खाऊन आले होते, आणि घरी येऊन हे बोलले.

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. “काय सांगून राहिली वं तू!” म्हणाल्या. मग म्हणाल्या, त्यांना आता काय कळवायचं? आणि तेही मीच सुचवलं. म्हटलं, एक नाडी येते म्हणा. पत्रिकेत एक नाडी आली म्हटलं की पुढं कोणी बोलत नाही, मुलीचा कमीपणाही होत नाही. किती विचार करून ठेवला होता बघा! हे मला तेव्हाच तिथं सुचलं असं समजू नका. आदल्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं जुळवून ठेवलं होतं.

भाऊजी थोडे दिवस जेवले नाहीत नीट. मग दुसरीकडे जमलं, संसार झाला. सासूबाईंनी गोष्ट पोटात ठेवली का? त्या कशाला ठेवतील, मीच ठेवली नाही तर! बहिणीला सांगितली, बहिणीनं विहिणीला. वर्षभरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्याच शेजारची बाई मला सांगू लागली, सावनेरच्या त्या घरात पोरी पाहू नका, रोग हाय म्हणे. मी मान हलवली आणि भात कालवला. यांच्याही कानावर आलं. हे म्हणाले, पत्रिकेनं वाचवलं, देवच पावला. मी हो म्हटलं.

आणि त्या दोघी बहिणी दवाखान्यात यायच्या बंद झाल्या. एक नाडीनं सगळं जग फसलं, एक कुंदा सोडून. तिला फसवणार कसं? तिच्या घरचं जाणणारी आमच्या घरात मीच तर होते.

सरांनी एक दिवस विचारलं, सावनेरच्या मुली दिसत नाहीत? मी म्हटलं, खेड्यातली माणसं, सर, कितीही सांगा, त्यांना महत्त्वच कळत नाही. — हेही मीच बोलले. त्या पोरींवर ढकललं. सर हळहळले, म्हणाले, एकदा घरी जाऊन या. मी जाते म्हटलं, आणि गेले नाही. पुढच्या आठवड्यात विचारलं तेव्हा दाराला कुलूप होतं म्हणून सांगितलं. त्याच सुमारास नवीन मुली कामावर आल्या आणि सरांनी त्यांना शिकवायला मलाच उभं केलं — पेशंटच्या घरची गोष्ट बाहेर का जाऊ द्यायची नाही, यावर. छान बोलले मी. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

अजून झालं नाही. खरं सांगायचं ते पुढंच आहे.

आठेक वर्षं गेली असतील. सर निवृत्त झाले होते, त्यांचे ते नकाशे कपाटात पडून होते, आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला होता. चांगला होता. ओ.पी.डी.त मी त्याच्या टेबलाजवळ बसायची. एका सकाळी पडदा सरकवून विमल आत आली. कुंदानं तिला धरलं होतं. मागे पिशवी घेऊन विमलची मुलगी, सोळा-सतराची, अगदी मावशीच्या वळणावर गेलेली. कुंदाच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. पाहिलं मी. सगळ्यात आधी तेच पाहिलं.

विमलनं छातीवर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं होतं. सोडलं तेव्हा वासानंच सगळं कळलं. गाठ फुटून किती दिवस झाले होते कोण जाणे. सासरी कळलं तर टाकून देतील म्हणून तिनं कोणाला दाखवलीच नव्हती. पुढं तिचं काय होणार, हे त्या खोलीत सगळ्यांनाच दिसत होतं.

डॉक्टरनं हात धुतले आणि विचारलं, “तुमच्या आईला, मावशीला, आजीला — कोणाला असा आजार होता का?”

विमल काही बोलायच्या आत कुंदा बोलली. “नाही जी. आमच्या घरी कोणालेच नव्हता.” बोलताना ती डॉक्टरकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

ते घर मला तोंडपाठ होतं. सगळे काळे गोल कुठे कुठे आहेत, आणि पुढचा कोणता असू शकतो, हे तिथं मलाच ठाऊक होतं. डॉक्टरला नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं, तर त्यानं त्याच दिवशी त्या पोरीला तपासणीला लावलं असतं, दर सहा महिन्यांनी बोलावलं असतं. पण मग तो विचारणार, तुम्ही ओळखता का यांना? मग त्या यायच्या का बंद झाल्या? आणि कुंदा तिथं उभी होती, सांगायला.

ती पोरगी आईच्या छातीकडे पाहत रडायला लागली होती. मी उठले. तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पडद्याबाहेर नेलं आणि म्हटलं, तू बाहेर बस बाळा, तुझं इथं काही काम नाही.

ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली, आणि मी आत परत आले.